रेघेपुढची जागा

यंत्र थांबल्यानंतर शेडमध्ये जी शांतता उरली, ती कामातल्या विसाव्याची नव्हती. विसाव्याच्या शांततेत नळ ठिबकतो, कुणीतरी खाकरते, कपबशीचा आवाज होतो. ही शांतता तोंडावर तळहात दाबून धरल्यासारखी होती.

ती दारातच थबकली. तिच्या वडिलांचा डावा हात यंत्राच्या लाल बटणावर अजून टेकलेलाच होता. उजव्या हाताने त्यांनी ओले गोणपाट ओढून यंत्राच्या पाटावरल्या छोट्या काळ्या शिळेवर टाकले होते, आणि ते वाऱ्याने उडून जाईल अशा धास्तीने त्याचे टोक मुठीत धरून ते उभे होते. शेडमध्ये वारा नव्हता. गोणपाटाखालून राखाडी पाण्याची एक बारीक धार निघून जमिनीच्या उताराला लागली होती.

"काय झालं, बाबा?"

बाबांनी तिच्याकडे पाहिले. म्हणजे त्यांची नजर तिच्या चेहऱ्यापर्यंत आली, क्षणभर टेकली आणि पोळल्यासारखी मागे फिरली.

पलीकडे दगड घासायच्या चाकापाशी तिचा मामा उभा होता. त्यानेही चाक बंद केले होते. कानात घातलेले कापसाचे बोळे काढत तो म्हणाला, "मशीनला उचकी लागली गं. कुणीतरी आठवण काढत असेल."

कुणी हसले नाही. मामाने बोळे पुन्हा कानात घातले, पण चाक काही सुरू केले नाही.

"कोणतं नाव कोरलं मशीननं?" तिने विचारले.

"वाचता येत नाही," बाबा म्हणाले. "दगड वाया गेला. ज्याची ही शिळा, त्या मुलाचे आईवडील उद्या यायचेत. तू आत जा, तुझ्या त्या नव्या सिस्टीमनं काय घोळ घातलाय ते शोध."

गेलेल्या माणसांची नावे दगडात उतरवणे हा त्या घराचा धंदा होता. लोक येत, नाव सांगत, जन्माची तारीख सांगत आणि मग थोडे थांबून दुसरी तारीख सांगत. बाबा ते मान खाली घालून ऐकत. कधी कुणाचे सांत्वन त्यांनी केले नाही. मामा म्हणे, दाजींच्या तोंडून शब्द काढणे म्हणजे पाषाणातून पाणी काढणे, आणि तेही उन्हाळ्यात. पण एक नियम त्यांनी जन्मभर पाळला होता: गेलेल्याचे नाव पुसायचे नाही. आखणी करताना खडूचे अक्षर चुकले तरी त्यावरून फडके फिरवायचे नाही. तांब्याने पाणी सोडायचे आणि ते आपल्या पायांनी निघून जाऊ द्यायचे.

ती शहरातली नोकरी सोडून परत आली, त्याला आता वर्ष होत आले होते. आई गेल्यावर बाबांचा खोकला वाढला होता आणि दगडाची भुकटी त्यांच्या छातीत घर करून बसली आहे असे डॉक्टर सांगत होते. कारखाना तिने चालवायचा, हे न बोलताच ठरल्यासारखे होते. तिने फक्त एक गोष्ट मागितली होती. फाटकाशेजारच्या दगडी पाटीवर बाबांचे नाव होते; त्याखाली आपलेही नाव कोरावे.

त्या दिवसापासून बाबांनी टाळाटाळ चालवली. कधी पाटीचा दगड म्हणे ठिसूळ झाला होता, कधी हात कापत होता, कधी हवा दमट होती. मामा थट्टेने म्हणाला होता, "अगं ठमे, दुनियेची नावं कोरणाऱ्याच्या घरात तुझ्याच नावाला दगड मिळेना, म्हणजे सुताराचीच खाट मोडकी." ठमी हे तिचे घरातले नाव. कागदोपत्री तिचे पूर्ण नाव मोठे, सुरेख आणि लयदार होते, आणि ते बाबांच्या तोंडून एकदाही ऐकल्याचे तिला आठवत नव्हते.

अखेर संगणकानेच वाट काढली. डिझाइनच्या संगणकावर होती ती ऑपरेटिंग सिस्टीम इतकी जुनी झाली होती, की तिच्या कर्त्यांनीच तिला वाऱ्यावर सोडले होते. पडदा मध्येच निळा पडे. पेन ड्राइव्ह लावला की संगणक ओळख विसरलेल्या म्हाताऱ्यासारखा नुसता बघत राही. नवी आवृत्ती घालायलाच हवी, असे ती सांगत राहिली, आणि बाबा म्हणत राहिले की त्यात नावे आहेत.

"नावं कुठं जात नाहीत, बाबा. मी सगळ्या फाइली दोन ठिकाणी उतरवून घेईन. मगच हात लावीन."

"एक जरी हरवलं तर?"

"तर मी परत शहरात. आणि एकही हरवलं नाही तर?"

बाबांनी बराच वेळ छिन्नीची धार अंगठ्यावर पाहिली. "तर पाटीचं बघू," ते म्हणाले.

तिने ते काम एखाद्याने झोपलेले मूल एका पाळण्यातून दुसऱ्यात ठेवावे तसे केले. आधी दोन वेगळ्या डिस्कवर बॅकअप घेतला. तो नुसता घेऊन भागत नाही, परत उघडूनही पाहावा लागतो, म्हणून दुसऱ्या संगणकावर फाइली उघडून पाहिल्या. जुनी हार्ड डिस्क पुसून तिच्यावरच नवे घालण्याचा मोह तिने टाळला; ती काढून कापडात गुंडाळली आणि खणात ठेवली. नव्या डिस्कवर नवी सिस्टीम, तिच्यावर डिझाइनच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती, मग संगणकाचे म्हणणे यंत्राला समजावून देणारा ड्रायव्हर. फाइली मोजल्या, त्यांची वजने ताडून पाहिली. एका नव्या फाइलीवरून टाकाऊ फरशीवर वेल कोरून पाहिला. तो हुबेहूब उतरला. काल संध्याकाळी तिने बाबांना बोलावून एकेक फाइल उघडून दाखवली. पडद्यावरची नावे वाचताना बाबांचे ओठ हलत होते. शेवटी ते नुसते "हं" म्हणाले होते, आणि त्या "हं"वर तिने रात्रभर पाटीची अक्षरे जुळवली होती.

आता काचेच्या तावदानामागच्या त्या लहानशा खोलीत बसून तिने आजच्या शिळेची फाइल उघडली. पडद्यावर सारे जागच्या जागी होते. कडेने पानांचा वेल, मधोमध त्या मुलाचे नाव, दोन तारखा. दोन तारखांमध्ये इतके थोडे अंतर की डोळा आपोआप दुसरीकडे वळावा.

मग तिने यंत्राच्या बाजूचे दृश्य उघडले. कोरणीचे टोक दगडावरून कसे फिरणार हे त्यात आधी रेषांनी दिसते. रेषा उमटू लागल्या, आणि ती खुर्चीत मागे सरकली. एका नावावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे, त्यावर आणखी. पडद्यावर काटेरी झुडूप वाढत चालले होते. त्या झुडपात कुठेतरी एक वेलांटी ओळखू येई आणि बुडून जाई.

फाइलीत एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे थर असतात; त्यांची यादी तिने यापूर्वी कधी उघडलीच नव्हती. आखणीचे काम नेहमी बाबांचे. तयार फाइल यंत्राला देणे तेवढे तिचे. आता तिने ती उघडली आणि बाबांनी आयुष्यभर काय केले होते ते तिच्या लक्षात आले. कोरी फाइल त्यांनी कधी घेतलीच नव्हती. लहान शिळेचे माप एका फाइलीत बसवले होते. नवे मूल आले की तीच उघडायची, आधीच्या मुलाच्या थरासमोरचा चिमुकला डोळा दाबून मिटायचा, त्याचे नाव दिसेनासे करायचे आणि वर नवा थर टाकायचा. पुसायचे नाही. फाइलीला नावही त्यांनी दिले नव्हते. तिथे नुसते "लहान" लिहिले होते. मोठ्यांच्या फाइलीही तशाच असणार. तिने पाहिले. तशाच होत्या. कळफलकाकडे तिची नजर गेली. बाकी कळांवरची अक्षरे झिजून दिसेनाशी झाली होती. डिलीटची कळ तेवढी नवी कोरी, बाजारातून आणल्यासारखी.

तिने खणातली जुनी डिस्क केबलने जोडली आणि जुन्या ड्रायव्हरची सेटिंग उघडून पाहिली. तिथे एका चौकटीत खूण होती: फक्त दिसणारे थर पाठवा. कधीतरी, फार पूर्वी, बाबांनी ती एकदा केली होती आणि विसरून गेले होते. नव्या ड्रायव्हरमध्ये ती चौकट रिकामी होती. फाइली साऱ्या आल्या होत्या. सवय मागे राहिली होती. माणसांना पडद्यावर मिटलेले डोळे दिसत होते, आणि यंत्राला सगळे उघडे.

एक चौकट. तिला हसू आले. काही हरवले नव्हते. हरवले नाही हाच तर घोटाळा होता. चौकटीत खूण केली की सारे पूर्ववत. बाबांना हे दाखवायचे, उद्याच्या शिळेसाठी दुसरा दगड घ्यायचा, आणि मग पाटी.

दाराशी मामा चहाचे दोन कप घेऊन उभा होता.

"सापडलं का भूत?"

"सापडलं. भूतबीत काही नाही. मशीन खालच्या थरापासून वर कोरत आलं, एवढंच."

"नवी सून आहे," मामा म्हणाला. "झाकलेली भांडी काढून मांडणारच. दे की वरचं झाकण लावून."

"लावलं. पण मग नाव वाचता येत नाही, असं बाबा का म्हणाले? सगळ्यात खालचं नाव तर स्वच्छ यायला हवं. त्याच्या आधी काही कोरलंच गेलं नसणार."

मामाने कप टेबलावर ठेवला. चहा बशीत सांडला. "असू दे ना. दगड गेला तो गेला. चहा घे."

पण तिचे बोट यादी खाली सरकवू लागले होते. वेलाचा थर सगळ्यात वर होता; त्याखालची मुलांची नावे वर जात राहिली. काही तिला आठवत होती. त्यांच्या शिळा धुताना तिने पाणी धरले होते. काही तिच्या शाळेच्या वयाची, काही त्याहून जुनी. प्रत्येकासमोर मिटलेला डोळा. यादी संपली तिथे एक थर होता, सगळ्या नावांच्या खालचा, यंत्र या घरात आले त्या वर्षीचा. तिने तो डोळा उघडला.

पडद्यावर तिचे नाव आले. पूर्ण, मोठे, सुरेख, लयदार. त्याखाली तिची जन्मतारीख. तारखेपुढे एक आडवी रेघ. रेघेपुढे काही नव्हते.

मामाच्या कानातला एक बोळा निसटून खाली पडला, तो त्याने उचलला नाही.

"तू पाच वर्षांची होतीस," तो म्हणाला. "डोक्यात ताप गेला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. ताई तुझ्या उशाशी बसलेली, आणि दाजींचा पत्ता नाही. मला इतका राग आला होता. म्हटलं, पोर जातेय आणि हा माणूस मशीन शिकत बसलाय. त्याच आठवड्यात आलं होतं ना मशीन. मी बोलवायला आलो तर इथंच, याच खुर्चीवर बसलेले. पडद्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही. खरंच सांगतो. वेल काढत होते तेवढं दिसलं."

"मग?"

"मग काय. पहाटे ताप उतरला. मी धावत येऊन सांगितलं, दाजी, पोर पाणी मागतेय. ते म्हणाले, बरं." मामाने बशीतला चहा कपात ओतला, मग पुन्हा बशीत. "नुसतं बरं. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यानंतरच तुला ठमी म्हणायला लागले. ताईनं किती सांगितलं, इतकं चांगलं नाव ठेवलंय, त्यानं हाक मारा. छे."

तिने पडद्यावरचा वेल पाहिला. पान, पान, कळी. पान, पान, कळी. आईच्या कपाटातल्या एका फोटोत हाच वेल होता, तिच्या स्वतःच्या लहानपणच्या फ्रॉकच्या घेरावर भरलेला. त्या फ्रॉकची कड कितीतरी मुलांच्या उशाशी कोरली गेली होती, आणि तिने तिच्यावरून कितीदा ब्रश फिरवला होता.

आठवणींना पाय फुटतात तेव्हा त्या रांगेने येत नाहीत. शाळेतून आली की बाबा दारात उभे. आत घेत नसत, नुसते पाहत, परतलेली सावली जमिनीवर पडते की नाही हे पाहावे तसे. झोपेत कधी जाग आली तर नाकाशी धरलेले एक खरखरीत बोट. शहरातून फोन केला की तिचा आवाज ऐकायचे, आणि "आहे, आहे" असे म्हणून फोन आईकडे द्यायचे. हे "आहे" ते आईला सांगत असत, असे तिला इतकी वर्षे वाटत आले होते. कुणीतरी चार दिवसांसाठी ठेवायला दिलेली वस्तू माणूस जशी वापरत नाही, मोडत नाही, आपलीही म्हणत नाही, तसे तिला त्या घरात वागवले गेले होते. तिला तो बाबांचा स्वभाव वाटला होता.

ती उठली.

"ठमे," मामा म्हणाला, "म्हातारा माणूस आहे."

"दुसरा दगड काढून ठेव, मामा. उद्याचं काम व्हायला हवं."

शेडमध्ये बाबा तसेच उभे होते. बटणावरचा हात तेवढा आता खाली आला होता. छपरातल्या काचेतून दुपारचा मळकट उजेड यंत्राच्या पाटावर पडला होता. तिने गोणपाटाचे दुसरे टोक धरले. क्षणभर दोघांनी ते दोन बाजूंनी धरून ठेवले; मग बाबांच्या मुठीतली ताकद गेली. गोणपाट मात्र त्यांनी सोडले नाही; ते शिळेवरून सरकून त्यांच्या हाताशी लोंबत राहिले.

नाव सुबक उतरले होते. काळ्या दगडावर अक्षरांच्या कडा ताज्या, पांढऱ्या. त्याखाली जन्मतारीख. त्यापुढे रेघ, शेवटपर्यंत पुरी झालेली. आणि तिच्या नावाच्या पहिल्याच अक्षरावर, दुसऱ्या कुणाच्या नावाची पहिली रेष जेमतेम ओरखड्याएवढी उमटून थांबलेली.

तिने बोट लावले. दगड अजून ओला होता.

"सिस्टीमचं कळलं," ती म्हणाली. "एक खूण करायची राहिली होती. नावं सगळी आहेत. एकही हरवलं नाही."

"बरं," बाबा म्हणाले.

"सगळ्यात खालचंही आहे."

त्यांनी गोणपाटाचा पिळा मुठीत आवळला.

"मी बरी झाले तेव्हा का नाही काढून टाकलंत?"

"नाव पुसायचं नसतं."

"गेलेल्याचं, बाबा. गेलेल्याचं पुसायचं नसतं. मी इथंच होते. त्या दारातून शाळेत जात होते, याच घरात जेवत होते."

बाबांनी दाराकडे पाहिले, खरेच कुणी तिथून येते आहे की काय असे. खोकल्याची उबळ आली ती त्यांनी गिळली. "दगड उलटा करून घे," ते म्हणाले. "मागची बाजू चांगली आहे. वापरता येईल."

"आणि पाटी?"

"पाटीवर नको."

"तुम्ही कबूल केलं होतं."

"नको म्हटलं ना. एकदा कोरलं की..." त्यांनी वाक्य तिथेच ठेवले. इतकी वर्षे या शेडमध्ये त्यांनी हजार वाक्ये अशीच ठेवली असतील. आजच त्यांच्यातले एक तिला पुढे वाचता आले: एकदा कोरलं की रेघेपुढची तारीखही येतेच.

ती शिळेवर वाकली. यंत्राची चाल तिला पाठ होती. एवढे मोठे नाव कोरायला ते चांगला वेळ घेते. आधी अक्षरांच्या कडा, मग पोट, मग तारीख, मग रेघ. पहिली वेलांटी उमटली तेव्हाच हे नाव कुणाचे ते बाबांना कळले असणार. लाल बटण हाताच्या अंतरावर होते. अक्षरामागून अक्षर उमटताना ते इथे उभे होते, पाण्याच्या फवाऱ्यात, हात बटणाजवळ नेऊन. आणि बटण दाबले गेले ते रेघ संपल्यानंतर. टोक उचलले जाऊन, रेघेपुढच्या त्या मोकळ्या, गुळगुळीत जागेवरून पुढे सरकून, परत वर, दुसऱ्या नावाला लागल्यानंतर.

मागे मामाने नवा दगड ढकलगाडीवर चढवला. चाके कुरकुरली आणि थांबली.

तिचा आवाज चढला नाही. उद्याच्या कामाबद्दल विचारावे तसे तिने विचारले, "बाबा, रेघ पुरी होईपर्यंत तुम्ही मशीन थांबवलं नाहीत. तिच्यापुढे काय कोरलं जाईल असं वाटलं होतं तुम्हाला?"

बाबांनी हातातल्या गोणपाटाकडे पाहिले. त्याच्या कोपऱ्याने त्यांनी रेघेपुढची मोकळी जागा टिपली, एकदा, अगदी हलकेच, तिथल्या दगडाला धक्का लागू नये इतक्या हलकेच. मग ते वळले आणि मामाच्या ढकलगाडीला बगल देऊन दाराकडे चालू लागले. गोणपाट त्यांच्या हातातून ठिबकत होते. दारातल्या उजेडात ते क्षणभर काळे दिसले, आणि मग अंगणातल्या कोऱ्या दगडांच्या रांगांमधून, मागे न पाहता, पाटी असलेल्या फाटकाच्या दिशेने निघून गेले.